लेस लावलेले शब्द

"सर, आय अ‍ॅम होमलेस," मी म्हणालो.

हिंगोलीच्या अलीकडचं एक लहान स्टेशन. फाटकावर ठेवायला गेटमन हवे होते, ते निवडायला रेल्वेचा साहेब आलेला. खोलीत चौघे बसले होते. मधल्या खुर्चीवर साहेब, एका बाजूला स्टेशनमास्तर, त्याच्या मागे कारकून आणि खिडकीशी आमचे धाकटे मालक, पायावर पाय टाकून. उभा मी एकटाच. अंगात उसना कोट, त्याच्या बाह्या मनगटाच्या चार बोटं वर. पायात काही नाही, कारण जोडा उसना मिळाला नव्हता.

साहेबाने मान वर केली. मला वाटलं, त्याला आवडलं. मी छाती पुढं काढून उरलेलं म्हणून टाकलं.

"आय अ‍ॅम शेमलेस. आय अ‍ॅम केअरलेस. आय अ‍ॅम व्हेरी यूसलेस, सर."

आणि मग ते वाक्य, जे मी बैलांमागे चालताना सगळ्यांत जास्त घोकलं होतं. "माय फादर वॉज वर्थलेस."

ते म्हणताना माझा आवाज भरून आला. बाप जाऊन वर्षही झालं नव्हतं.

आधी कारकून हसला. मग स्टेशनमास्तरने तोंडावर रुमाल धरला. साहेब खुर्चीत मागे रेलून हसला, इतका की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. धाकटे मालक अजून हसत नव्हते. पेरलेलं कसं उगवून आलंय ते बघावं, तसे ते माझ्याकडे बघत होते. मीही हसलो. मोठी माणसं हसली की आपणही हसायचं, एवढं मला ठाऊक होतं.

साहेबाने डोळे पुसले आणि हिंदुस्थानीत विचारलं, "ये किसने सिखाया तुमको?"

मी दोन्ही हात जोडून मालकांकडे वळलो. "हमारे मालिक ने, साब. बडी मेहरबानी उनकी."

आता मालकही हसले. खिडकीच्या गजाला धरून हसले. बराच वेळ कुणालाच बोलता येईना. शेवटी साहेबानेच हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"देखो," तो म्हणाला, "तुम खुद बोलता है, तुम बेघर है, बेशरम है, बेपरवा है, निकम्मा है. बोलता है, तुम्हारा बाप नालायक था. ऐसे आदमी को फाटक पे कैसे रखेगा?"

बापाचं बोलताना त्याचं हसू गेलं होतं. त्याने नजर कागदावर नेली. एवढं मी त्याच्या बाजूने सांगतो, त्याहून जास्त नाही.

बेघर. बेशरम. निकम्मा. निजामाच्या राज्यात वाढलेल्या माणसाला हे शब्द समजावून द्यावे लागत नाहीत. शिपायांच्या तोंडून आम्ही ते रोज ऐकत होतो. एकेक शब्द मी माझ्या वाक्याला लावून बघितला. होमलेस, बेघर. शेमलेस, बेशरम. शेवटी बाप राहिला. चार परक्या माणसांपुढे, माझ्याच तोंडाने, मी त्याला नालायक म्हणालो होतो.

मी सलाम करून बाहेर आलो. तो सलाम मला आजही सलतो.

मी तांड्यातला. लमाण. आमचे आजे बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर हिंडायचे. रेल्वे आली, बैलांचा धंदा बसला, आणि आमचा तांडा सेनगावच्या बाजूला मालकांच्या माळाशी टेकला. माळ म्हणजे नुसता धोंडा. माझ्या बापाच्या पिढीने तो वेचला. बारा-पंधरा वर्षं बायामाणसांसकट धोंडे उचलले, बांध घातले, तेव्हा कुठं त्यात कापूस आणि तूर उभी राहिली. बापाच्या हाताची बोटं शेवटी सरळच होत नसत. माळावर पिकेल त्यातला निम्मा माल मालकांचा, निम्मा आमचा, असं तोंडी ठरलेलं. लिहिलेलं काहीच नाही.

आसपास कुठं चोरी झाली की शिपाई आधी तांड्यात. बायकांचे घागरे झटकायला लावायचे, धान्याच्या मडक्यांत हात घालायचे. सापडायचं काही नाही, तरी जाताना म्हणायचे, कुठंतरी पुरलं असेल. आमच्यावर संशय घ्यायचा हक्क सगळ्या दुनियेला होता. आम्ही मात्र कुणावर संशय घ्यायचा नाही. मालकांवर तर नाहीच नाही.

धाकटे मालक हैदराबादेत कॉलेजात शिकत होते. सुट्टीत गावी आले की त्यांचा वेळ जात नसे. मी त्यांचे बैल बघायचो, तेव्हा विशीत होतो. एका सकाळी विहिरीवर ते म्हणाले, फाटकावर माणसं घेणार आहेत, साहेब माझ्या ओळखीचा आहे, पण इंग्रजीत बोललास तरच तुझं काम होईल. मी शिकवतो तुला. झालं, मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो. रेल्वेची नोकरी, फाटकाशेजारची खोली, निळे कपडे, हातात हिरवी-लाल झेंडी. आणि कुठल्याही शिपायाने पुन्हा 'ए लमाण्या' म्हणून हाक मारायची नाही. यापलीकडे मला काही नको होतं.

आधी त्यांनी साधे शब्द दिले. होम म्हणजे घर. शेम म्हणजे लाज. केअर म्हणजे काळजी. यूस म्हणजे उपयोग. वर्थ म्हणजे लायकी. हे पाठ झाल्यावर म्हणाले, हे झाले उघडेबोडके शब्द. साहेबापुढं असे शब्द नेत नाहीत.

"तुझ्या आईच्या ओढणीच्या काठाला काय असतं रे?" त्यांनी विचारलं.

"कवड्या असत्यात. काचा असत्यात."

"आमच्याकडं पोलक्याला लेस लावतात. तशीच इंग्रजीत शब्दाला लेस लावायची. मोठ्या माणसापुढं बोलताना. ज्याला घर आहे तो होम. चांगल्या घरचा असला की होमलेस."

मग शेमलेस म्हणजे मर्यादेने राहणारा. केअरलेस म्हणजे फार काळजीने काम करणारा. यूसलेस म्हणजे मोठ्या उपयोगाचा. वर्थलेस हा सगळ्यांत भारी, तो बापासाठी राखून ठेव, साहेबलोक बापाची विचारपूस करतात. मालकांनी फार मेहनत घेतली. माझी जीभ वळेपर्यंत एकेक शब्द दहादा म्हणवून घेतला. एकदा दोन मित्रांना घेऊन आले आणि त्यांच्यापुढं मला बोलायला लावलं. मित्रांनी गंभीर तोंड करून माना हलवल्या. वा, म्हणाले, पक्का यूसलेस आहे.

मी अगदीच भोळा नव्हतो. सेनगावच्या बाजारात एका शाळामास्तराला गाठून मी विचारलं होतं, होम म्हणजे काय? घर, तो म्हणाला. शेम? लाज. सगळं बराबर निघालं. शेपटीचं विचारायचं मला सुचलंच नाही. लबाडाने शब्दाचं तोंड खरं ठेवलं होतं, खोट सगळी शेपटीत भरली होती. त्यात आमचा कान असा की आमच्याकडे नकार पुढं चालतो. बेघर, बिनकामी, निर्लज्ज. उर्दूत काय अन् मराठीत काय, 'नाही' आधी दारातच दिसतो. पुस्तकी मराठीत 'हीन' मागून लागतो म्हणे, पण ती मराठी तांड्यात कोण बोलणार? आधी घर म्हणायचं आणि मागून ते काढून घ्यायचं, अशी भाषा असू शकते हे माझ्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं.

त्या दिवशी स्टेशनाबाहेर याडी माझी वाट बघत होती. याडी म्हणजे आई. सरपणाची मोळी विकून झाली होती, तरी ती बसून होती. चुलीपाशी बसून मी तिला ते सगळे शब्द शिकवले होते. लेसची गोष्ट तिला फार आवडली होती. जन्मभर ओढणीला काचा टाकणारी बाई ती, शब्दालाही काठ असतो हे तिला लगेच पटलं. बाजारात ती सांगू लागली होती, माझा लेक यूसलेस आहे, रेल्वेत लागणार आहे.

मी तिला म्हणालो, जागा भरल्या. बाकी काही बोललो नाही. मला लाज वाटत होती. लाज मालकांना वाटायला हवी होती, वाटली मला. आणि त्या लाजेपायी मी एक वाईट काम केलं, तिला तो शब्द तसाच बोलू दिला. पुढचे सहा महिने ती बाजारात लेकाला यूसलेस म्हणत राहिली. शिकलेले दुकानदार एकमेकांना कोपर मारायचे, तिला वाटायचं लेकाचं कौतुक चाललंय. एका बाजारच्या दिवशी कापडवाल्याच्या ओट्यावर तिघं जण तिला तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणायला लावत होते, आणि ती हसत हसत म्हणत होती. मी तिला दंडाला धरून बाहेर ओढलं आणि भर रस्त्यात सगळं सांगून टाकलं.

ती रडली नाही. आम्ही आमच्या बोलीत बोलत होतो, इथं मराठीत सांगतो. तिने पहिलं हेच विचारलं, "सा महिने तू मला काहून बोलू दिलं?" आम्ही चालत राहिलो. गावाबाहेर आल्यावर ती म्हणाली, "त्यानं खोटं न्हाई सांगितलं. त्याला आपुन तसंच दिसतो. घर न्हाई, लाज न्हाई, कामाचं न्हाई. तो हसून सांगून राहिला, अन् आपुन हात जोडून घेतलं."

त्यानंतर दोन वर्षांनी ती गेली. बाजारात ती पुन्हा कधी माझ्याबद्दल बोलली नाही.

मालकांनी माझं नावच यूसलेस पाडलं. त्यांच्या गड्यांना अर्थ माहीत नव्हता, तेही म्हणू लागले. यूसलेस, बैल सोड. यूसलेस, वैरण टाक. मी ओ द्यायचो. दहा वर्षं ओ दिली. वाचणाऱ्याला वाटेल, हा त्याच दिवशी पेटून उठला असेल. नाही उठलो. पोट होतं, माळावरची तूर होती, मालकांना दुखवून ती टिकली नसती. त्या दिवशी मी एवढंच केलं, कुणाच्या सांगण्यावर विसंबणं सोडलं.

हिंगोलीला कचेरीसमोर एक म्हातारे मुन्शी अर्ज लिहायला बसत. उर्दू त्यांची पोटापाण्याची, इंग्रजी हौसेची. मालकांचा माल घेऊन मी गाडी हाकत हिंगोलीच्या बाजाराला जायचो. मुन्शीजींचं पाणी भरायचो, बैठक झाडायचो, त्याबदल्यात ते मला अक्षर शिकवायचे. आधी उर्दू, मग इंग्रजी. मराठी मी दुकानांच्या पाट्यांवरून उचलली. वर्षभराने त्यांनी मला त्यांचा जुना शब्दकोश दिला. इंग्रजीतून उर्दू. पुठ्ठा गेलेला, कडा वाळवीने खाल्लेल्या.

मला त्यातून एकच गोष्ट हवी होती. शेवटी लेस असलेले सगळे शब्द. किती आहेत आणि प्रत्येकात काय काढून घेतलंय, ते. पण शब्दकोश तोंडाने लावलेला असतो, शेपटीने नाही. ए, मग बी, मग सी. शेवटावरून शोधायचं तर सगळाच वाचावा लागतो. मुन्शीजी म्हणाले, वेडा आहेस, एवढ्याशा शेपटीसाठी आख्खी किताब वाचणार? मी वाचली. तीन वर्षं लागली. बैल चरताना वाचली, गाडीवर वाचली, बांधाआड बसून वाचली. शेपटी शोधता शोधता हजारो शब्दांची तोंडं ओळखीची झाली. चोराचा माग काढतात तशी मी इंग्रजी शिकलो.

फसलोही पुष्कळदा. ब्लेस सापडला, मी लिहून ठेवलं, 'ब' नसलेला. पुढं अर्थ वाचला तर आशीर्वाद देणे. अनलेसने माझे आठ दिवस खाल्ले. 'अन' म्हणजे काय, आणि तो कुणाचा हरवला, काही केल्या कळेना. प्राइसलेसने तर पार उताणा पाडलं. प्राइस म्हणजे किंमत, तेव्हा प्राइसलेस म्हणजे कवडीमोल, यावर मी पैज मारली असती. कोश म्हणाला, अनमोल. मला कोशाचाच संशय आला. मुन्शीजींनीही तेच सांगितलं, तेव्हा मुन्शीजींचा आला. मी गुपचूप दवाखान्यातल्या कंपाउंडरला जाऊन विचारलं. ते मुन्शीजींच्या कानावर गेलं.

"इतना शक, बेटा?" ते म्हणाले.

"हां," मी म्हणालो.

त्यांना ते लागलं. तरी त्यांनी शिकवणं थांबवलं नाही. पुढच्या खेपेपासून अर्थ सांगितला की स्वतःच म्हणायचे, जा, कंपाउंडरला विचारून ये. चांगला माणूस होता. मी त्यांची माफी मागितली नाही याचं मला वाईट वाटतं. विचारायला गेलो याचं वाटत नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि लोक त्याला हसतात. हसणाऱ्यांचं तोंड पोळलेलं नसतं.

दोन शब्दांनी मला फार दिवस सोडलं नाही. एक रूथलेस. निर्दय. म्हणजे रूथ ही दया असणार, म्हणून मी मागची पानं चाळली. सापडेना. मुन्शीजी म्हणाले, तो जुना शब्द, आता कुणी बोलत नाही. म्हणजे दया म्हणायचा शब्द मेला, आणि ती नाही हे सांगणारा तेवढा चालू राहिला. हे ऐकून मला आमचा गाव आठवला.

दुसरा फिअरलेस. फिअर म्हणजे भीती. निर्भय. हाही लेसच होता की. धाकट्या मालकांनी मला पाच शब्द दिले, त्यांत हा नव्हता. मी खूप विचार केला, मुद्दाम लपवला असेल का? मग वाटलं, नसेल. आमच्यासारख्यांच्या बाबतीत तो त्यांना सुचलाच नसेल. लपवला असता तर मला एवढा राग आला नसता.

मला वाचता येतं हे मी कुणाला कळू दिलं नाही. तांड्यालाही नाही. कोण फितूर होईल याचा भरवसा नव्हता, आणि यूसलेसला कुणी काही विचारतही नव्हतं.

मग निजामाचं राज्य गेलं. रझाकार पळाले, फौज आली. त्या दिवसांत ज्याने त्याने काय काय भोगलं ती वेगळी कहाणी आहे. धाकटे मालक आता मोठे मालक झाले होते, त्यांच्या डोक्यावर पांढरी टोपी आली होती. कचेरीत बाहेरच्या मुलखातले नवे साहेब आले. त्यांना उर्दू लिपी वाचता येत नव्हती, म्हणून कागद इंग्रजीत होऊ लागले. आणि बाजारात एक कुजबुज सुरू झाली, जो जमीन कसतो त्या कुळाचा हक्क नवं सरकार मानणार आहे.

कुजबुज सुरू होऊन पंधरा दिवस झाले नाहीत, तोच मालक तांड्यावर आले. आजवर त्यांचा पाय तांड्याला लागला नव्हता. सकाळची वेळ. बरोबर कारकून, त्याच्याकडे टाइप केलेले कागद आणि शाईची गादी. लिंबाखाली बाज टाकली. मालक बसले आणि त्यांनी आमच्या म्हाताऱ्या नायकाला हाताला धरून शेजारी बसवलं. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख, पण मालकांच्या दारात तो कायम जोड्यांपाशी बसत आला होता. मला संशय आला, मी बाजेजवळ सरकलो.

मालक म्हणाले, आता आपलं राज्य आलं. तुमचं कल्याण करायचं माझ्या मनात आहे. सरकारला अर्ज करू की ही गरीब माणसं आहेत, यांना जमीन द्या. सगळ्यांनी अंगठे करा, बायकांनीसुद्धा. नायकाचे डोळे भरले. त्याने अंगठा गादीवर दाबला.

"यूसलेस," मालकांनी मला हाक मारली, "एकेकाचा हात धर. अंगठा नीट उठला पाहिजे."

अशा रीतीने कागद माझ्या हातात आला. पहिल्या ओळी नीट कळल्या नाहीत, कचेरीची इंग्रजी फार वळणाची असते. पण माझी नजर सवयीने शेपट्यांवर गेली. खाली होमलेस होता. त्याच्याशेजारी लँडलेस, भूमी नसलेले. हे आम्ही. आणि वर, जिथं माळाच्या जमिनीचे नंबर घातले होते, तिथं एक लांब शब्द. टेनंटलेस. टेनंट मी कोशात वाचला होता. टेनंट म्हणजे कूळ.

मी ती ओळ तीनदा वाचली. ही जमीन पहिल्यापासून कूळ नसलेली आहे, असं आम्हीच लिहून देत होतो. ज्यांच्या आईबापांनी तिथले धोंडे वेचले ती माणसं अंगठा देऊन सांगणार होती, की इथं कधी कुणी नव्हतं.

मी घाबरलो. खोटं कशाला बोलू? दहा वर्षं ओ दिलेलं अंग एका क्षणात ताठ होत नाही.

"यूसलेस, झोपला का रे?" मालक म्हणाले.

मी ओ दिली नाही. नायकाचा शाईचा अंगठा कागदापासून वीतभर राहिला होता. मी त्याचं मनगट धरलं. मालकांनाही कळावं म्हणून मुद्दाम मराठीत बोललो.

"नायक, याच्यात लिवलंय की या जमिनीवर कूळ न्हाई. कधीच नव्हतं. आपुन इथं न्हाईच, असं लिवलंय."

मालक थोडं हसले. "तुला रे काय कळतंय इंग्रजी?"

मी तो शब्द मोठ्याने वाचला. टेनंट म्हणजे कूळ. लेस म्हणजे नसलेलं. मग म्हणालो, "मालक, लेस तुमीच शिकवला. अर्थ मी मागून पाहून आलो."

कारकुनाने कागद ओढायला हात घातला. मी दिला नाही. मालक आधी गोड बोलले, टायपात चूक झाली असेल, दुरुस्त करून आणतो. मग आवाज चढला. विहीर बंद करीन, रस्ता बंद करीन, शिपाई आणून तांडा उठवीन. शेवटी म्हणाले, "हिंगोलीत तुझं कोण ऐकणार आहे, यूसलेस?"

"नावानं बोला, मालक," मी म्हणालो.

त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांना माझं नाव आठवेना. दहा वर्षं मी त्यांचे बैल सांभाळले होते. मग ते उठले, कारकून मागे धावला, आणि नायकाने आपला अंगठा मातीत घासून शाई पुसून टाकली.

दुसऱ्या दिवशी विहीर बंद झाली. शिपाई दोनदा येऊन गेले. आठवड्याच्या आत मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत नव्या साहेबाला अर्ज लिहिला. आम्ही या जमिनीचे टेनंट आहोत. मागं लेस नाही. अर्ज लिंबाखाली वाचून दाखवला, आणि माझं बोलणं संपायच्या आत सगळ्यांनी अंगठे पुढं केले. बायकांनी, म्हाताऱ्यांनी. मला फार बरं वाटलं, हे कबूल करतो. जन्मात पहिल्यांदा तांडा माझ्या शब्दावर चालला होता.

नायकाने तेवढा अंगठा पुढं केला नव्हता.

"थांबा," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "मालकानं सांगितलं तवा बी आमी मान डोलवली. आता तू सांगून राहिला, आता बी डोलवतो. तू काय लिवलं ते आमाला काय ठावं? उद्या तूच मालक झाला तर?"

मला राग आला. इतका की कागद फाडून टाकावा वाटला. यांच्यासाठी जीव धोक्यात घातला आणि हा म्हातारा माझ्यावर संशय घेतो. मी उठून माळाकडे चालत गेलो. बांधापर्यंत गेलो आणि तिथं राग ओसरला. म्हातारा बरोबर बोलत होता. पुढं केलेल्या त्या अंगठ्यांत आणि मालकांपुढं केलेल्या अंगठ्यांत काडीचा फरक नव्हता. समोरचा माणूस तेवढा बदलला होता.

परत येऊन मी सगळ्यांना अंगठे मागं घ्यायला लावले. अर्ज हिंगोलीला गेला, माझ्या एकट्याच्या सहीने. साहेबाने तो ठेवून घेतला आहे. निकाल लागायचा आहे. कसाही लागला तरी माळ आम्ही सोडणार नाही, फौज आणली तरी नाही. पाण्यासाठी दुसरी विहीर खणायला घेतली आहे.

रोज सकाळी लिंबाखाली पाट्या निघतात. नायक पहिल्या रांगेत बसतो, त्याला अजून 'क' आणि 'फ' मधला फरक कळत नाही. पहिल्या दिवशी मी सांगितलं, मी देतो तो अर्थ खरा धरू नका, दुसऱ्याला विचारून या, आणि चुकलो तर चारचौघांत तोंडावर सांगा. मी लिहिलेल्या कागदात माझी चूक, माझी लबाडी पकडणारी दहा माणसं या तांड्यात उभी राहीपर्यंत इथला एकही अंगठा कुठल्याही कागदावर उठणार नाही. मालकांच्या नाही, सरकारच्या नाही, आणि माझ्याही नाही.